हत्तीला फळीवर बसव

हत्तीने चौथा पूल कसा ओलांडला, हे मी पाहिलेले नाही. ही गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी, कारण त्या सकाळी आमच्या दिवाणखान्यात हजर असलेली प्रत्येक व्यक्ती आज ती घटना डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगते, आणि कोणाचेही सांगणे दुसऱ्याच्या सांगण्याशी जुळत नाही. मी मात्र प्रामाणिकपणे सांगते, की तो पूल पार झाला तेव्हा मी माझ्याच घराच्या बाल्कनीत, माझ्याच नणंदेच्या मुलीने आतून कडी लावलेल्या दारापलीकडे, वाळत घातलेल्या चादरीखाली उभी होते. मी काचेवर थापा मारत होते, हे मान्य. मी ओरडत होते, हेही मान्य. (काय ओरडत होते, ते यथावकाश येईल. घाई करू नये.)

हत्ती खरा नव्हता, हेही सांगायला हवे. तो एका शैक्षणिक संकेतस्थळावरचा होता. मुलांसाठी तयार केलेली अशी हसतीखेळती संकेतस्थळे मुलांना प्रत्यक्षात कशी वाटतात, हे तपासणे हा माझा व्यवसाय आहे. विद्यापीठात त्यासाठी एक विभाग आहे, विभागात एक प्रयोगशाळा आहे आणि प्रयोगशाळेत एक काच आहे, जिच्यातून एकाच बाजूने दिसते. पलीकडे मूल बसून खेळते. अलीकडे मी बसते, आणि ते मूल कुठे हसले, कुठे अडले, कुठे कंटाळून नाकात बोट घातले, हे टिपत राहते.

"म्हणजे पोरं खेळतात आणि तू बघत बसतेस," असे माझे यजमान चारचौघांत सांगतात. मी त्यांना अनेकदा समजावले आहे, की बघत बसणे हीच जगातील सर्वांत अवघड गोष्ट आहे. मूल अडते, आपल्याकडे केविलवाणे पाहते, उत्तर आपल्या जिभेच्या टोकावर असते आणि ते गिळायचे असते. कारण आपण मदत केली, की तपासले जाते ते संकेतस्थळ नव्हे, आपण. म्हणून आमच्या पद्धतीत फक्त तीन वाक्यांना परवानगी आहे. 'तुला काय वाटतं?' 'अजून काय करून बघता येईल?' आणि 'छान, चालू ठेव.' याखेरीज चौथे वाक्य उच्चारणाऱ्या दोन सहायकांना मी विभागातून घरी पाठवले आहे. (एकाने नुसते 'अरे वा' म्हटले होते. पण स्वर सूचक होता.)

तर हत्ती. हा हत्ती मुलांना अपूर्णांक शिकवी. त्याच्या वाटेत नद्या येत, नदीवर अर्धवट पूल असत आणि अर्ध्या-पाव मापाच्या फळ्या सरकवून मुलांनी ते पूर्ण करायचे असत. पहिले तीन पूल मला मान्य होते. चौथ्याला माझा आक्षेप होता. तिथे पुलाला पाव मापाचे भोक असे आणि हाताशी असे फक्त अर्ध्या मापाची एक फळी. आता अर्ध्याचे पाव करायचे कसे? तर हत्तीला उचलून फळीवर बसवायचे, म्हणजे ती मधोमध मोडते. पण त्याआधी पडद्यावर काय येई? 'श्श! हत्तीला झोप आली आहे. दारे लावा, पडदे ओढा, दिवे घालवा. पूल पूर्ण होईपर्यंत त्याला कोणी हात लावू नका!'

वाचकहो, ज्याला हात लावायला मनाई केली, त्यालाच उचलून फळीवर आपटल्याशिवाय गणित सुटत नव्हते.

संकेतस्थळाच्या मालकांना आम्ही विभागात हत्तीवाले म्हणत असू. (अंगकाठी अगदीच काटकुळी.) बैठकीत मी त्यांना स्पष्ट सांगितले, "सात वर्षांचं कोणतंही मूल मोठ्यांच्या मदतीशिवाय हा पूल ओलांडणार नाही."

"मॅडम, मुलं फार हुशार असतात हो."

"मुलं हुशार आहेत, याबद्दल वाद नाही. मी पुलाबद्दल बोलते आहे."

"आणि ती दारं-पडद्यांची गंमत? ती आवडली असेल ना तुम्हाला?"

"ती निव्वळ शोभेची आहे. मुलं असल्या सूचनांकडे ढुंकूनही बघत नाहीत. हा माझ्या प्रबंधाचाच विषय होता."

हे वाक्य मी बैठकीत, विभागप्रमुखांच्या समोर, खणखणीत आवाजात उच्चारले होते. पुढे वाचताना ते लक्षात ठेवावे.

विभागप्रमुखांनी तोडगा काढला. मुलांची एक जोडी घ्यावी, कारण जोडीने खेळणारी मुले एकमेकांशी बोलतात आणि त्यांच्या डोक्यात काय चालले आहे ते आयते कानावर पडते. ही जोडी कोणाच्याही मदतीविना चौथा पूल ओलांडून गेली, तर हत्ती आहे तसा शाळाशाळांत जाईल आणि मी आक्षेप मागे घेईन. अडली, तर पूल पाडून नवा बांधायचा. निकाल पाहायला ते आणि हत्तीवाले जातीने येणार होते.

"ओलांडून गेली, तर मी सर्वांसमोर माफी मागेन," मी म्हटले. हे म्हणायला मला कोणीही सांगितले नव्हते.

आणि नेमका त्याच आठवड्यात प्रयोगशाळेच्या छताचा गिलावा कोसळला. खरे तर चाचणी पुढे ढकलता आली असती. कोणताही शहाणा माणूस तेच करता. मी म्हटले, घरीच घेऊ.

आमच्या दिवाणखान्याला लागून बाल्कनी आहे. मध्ये सरकते काचेचे दार, त्याला आतून कडी आणि जाड पडदा. पडद्यात चार बोटांची फट ठेवली, की मी बाल्कनीतून आत पाहू शकत होते. काचेचा प्रश्न मिटला. मुलांसाठी लॅपटॉप मेजावर आणि कॅमेरा कपाटावर ठेवला. त्याची बॅटरी कधीच निकामी झाली असल्यामुळे तो भिंतीतल्या प्लगला जोडला. राहिला प्रश्न घरच्या माणसांचा.

सासूबाई निवृत्त शिक्षिका. गणित शिकवीत. अडलेले मूल पाहिले, की त्यांना आपोआप खोकला येतो, आणि त्या खोकल्याच्या ठसक्यांवरून उत्तर किती आहे ते त्यांच्या विद्यार्थ्यांना अचूक कळत असे, अशी आख्यायिका आहे. यजमान विमा कंपनीत. त्यांचा स्वभाव मदतीचा. म्हणजे न मागितलेल्या मदतीचा.

म्हणून आदल्या संध्याकाळी मी रंगीत तालीम घेतली. मी मूल झाले. (हसू नये. अभिनय हा प्रशिक्षणाचा भाग असतो.) मी अडले, रुसले, शेवटी पाण्यासाठी रडले. सासूबाईंनी लगेच पाणी आणले. नापास. यजमान मात्र बराच वेळ टिकले. तेव्हा मी उठले आणि म्हटले, "बरं, संपली तालीम. आता सांगा पाहू, ती फळी कुठे ठेवायची होती?"

"डावीकडे," ते म्हणाले.

"नापास! तालीम संपली नव्हती."

"पण तूच म्हणालीस संपली!"

"मुलंही असंच म्हणतात. गयावया करतात, शपथा घेतात."

"तू पण शपथ घेतलीस की. ती पण माझी!"

"म्हणूनच सांगते. उद्या मी बाल्कनीत असेन. मी तिथे नाहीच, असं समजायचं. मी स्वतः हात जोडले तरी कोणी हलायचं नाही. कळलं?"

"कळलं," दोघे एका सुरात म्हणाले. त्यानंतर यजमान बराच वेळ आरशासमोर उभे राहून चेहऱ्यावरचे सर्व भाव काढून टाकण्याचा सराव करीत होते. मला त्यांचा अभिमान वाटला. तो वाटायला नको होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

सकाळी मुले आली. पहिली माझ्या नणंदेची मुलगी. घरात तिला सगळे वकीलसाहेब म्हणतात, कारण तिला 'झोप' म्हटले तर ती 'का' म्हणते आणि कारण सांगितले तर पुरावा मागते. दुसरा, तळमजल्यावर दवाखाना चालवणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा मुलगा. तो सगळ्यालाच 'हो' म्हणतो. त्याला आम्ही होयबा म्हणतो, आणि त्यालाही तो 'हो' म्हणतो.

"हे बघा मुलांनो," मी म्हटले, "ही तुमची परीक्षा नाही. हत्तीची परीक्षा आहे. मी बाहेर असेन. मी काहीही केलं, तरी माझ्याकडे लक्ष द्यायचं नाही."

"काहीही म्हणजे?" वकीलसाहेबांनी विचारले.

"काहीही म्हणजे काहीही."

"तू पडलीस तर?"

"मी पडणार नाही."

"पण पडलीस तर?"

"तरीही नाही."

"तू उडी मारलीस तर?"

"आपण दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी उडी मारणार नाही."

"हो," होयबा म्हणाला.

मी माझा फोन सोफ्यावर ठेवला, कारण निरीक्षकाजवळ फोन असता कामा नये. यजमानांना स्वयंपाकघरात धाडले, सासूबाईंना कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत बसवले आणि बाल्कनीत जाऊन दार नुसते ओढून घेतले.

पहिले तीन पूल मुलांनी हसतखेळत ओलांडले. दर पुलाला हत्ती सोंड वर करून तुतारीसारखा आवाज काढी आणि होयबा टाळ्या पिटी. मग चौथा पूल आला. हत्तीने जांभई दिली. वकीलसाहेबांनी पडद्यावरची सूचना एकेक अक्षर लावीत मोठ्याने वाचली.

"दा-रे ला-वा. ए, दारं लावायचीयेत."

"हो," होयबा म्हणाला.

ती उठली, बाल्कनीच्या दाराशी आली. आमच्यात फक्त काच होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही (शिस्त!) आणि कडी घातली. आता मी काय केले असेल? मी हरखून गेले. 'मूल सूचनेचे तंतोतंत पालन करते!' असे मी मनाशी टिपले. माझा प्रबंध या निरीक्षणाने पार कोसळत होता, याकडेही माझे लक्ष गेले नाही. एवढ्यात तिने पडदा ओढला. चार बोटांची फट गेली. पाठोपाठ होयबाने भिंतीवरची सगळी बटणे पटापट बंद केल्याचा आवाज आला. दिवा गेला. त्याबरोबर कॅमेऱ्याचा प्लगही गेला.

मी आंधळी झाले, कॅमेरा आंधळा झाला, आणि आत झोपलेल्या हत्तीसमोर दोन मुले व खोकणाऱ्या सासूबाई उरल्या.

मी प्रथम काचेवर हलकेच टकटक केले. प्रतिसाद नाही. मग जोराने.

"मामी वाजवतेय," आतून होयबाचा आवाज आला. त्याने स्वतःहून उच्चारलेले हे पहिलेच वाक्य असावे.

"लक्ष नाही द्यायचं," वकीलसाहेब म्हणाल्या. "तिनेच सांगितलंय."

आमच्या स्वयंपाकघराची गजांची खिडकी बाल्कनीत उघडते. तिथे यजमान पेले विसळत होते. मी जवळ गेले.

"अहो! मुलांनी दार लावलंय. आतून कडी आहे. उघडा."

त्यांनी पेला खाली ठेवला, हात पुसले आणि पाहता पाहता त्यांच्या चेहऱ्यावरचे सर्व भाव मावळले. धुतलेल्या पाटीसारखा तो चेहरा माझ्याकडे पाहू लागला.

"तुला काय वाटतं?" ते म्हणाले.

"मला काय वाटायचंय? दार उघडा!"

"अजून काय करून बघता येईल?"

"अहो, ही तालीम नाहीये! मी खरंच अडकलेय!"

त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू उमटले. तेही त्यांनी पुसून टाकले.

"तुमची शपथ!" मी म्हटले.

ही चूक होती. शपथ ऐकताच त्यांची खात्रीच पटली. त्यांनी मान डोलावली, "छान, चालू ठेव," असे ममतेने म्हटले आणि खिडकी लावून घेतली. आमच्या संसारात त्यांनी माझी एखादी सूचना इतक्या काटेकोरपणे पाळल्याचा दुसरा प्रसंग मला आठवत नाही.

मी कठड्याशी गेले. खाली दवाखान्याच्या दारात डॉक्टरीणबाई हातमोजे घालून उभ्या होत्या.

"डॉक्टर! वर येता का जरा?"

"का हो? पोरगा त्रास देतोय?"

"नाही, नाही, तो गुणी आहे. त्यांनी मला कोंडलंय."

"अय्या! खेळात घेतलं तुम्हाला?" त्या कौतुकाने म्हणाल्या. "पण मी नाही येणार बाई. पालकांनी फिरकायचं नाही, असं तुम्हीच बजावलंत. आणि आत एकाचं तोंड उघडं ठेवून आलेय."

त्या गेल्या. त्याच वेळी दारावरची घंटा वाजली. विभागप्रमुख आणि हत्तीवाले आले होते. मी काचेला कान लावला.

"बाई कुठे आहेत?" विभागप्रमुखांनी विचारले.

"बाल्कनीत," सासूबाई कुजबुजल्या. "पण नाही असं समजायचं."

"आणि हा अंधार?"

"हत्ती झोपलाय."

"बघा!" हत्तीवाल्यांचा आवाज आनंदाने चिरकला. "पडदेसुद्धा ओढलेत! आणि मॅडम म्हणत होत्या, मुलं ढुंकून बघत नाहीत!"

मी दोन्ही तळव्यांनी काच बडवली.

"हे काय?" विभागप्रमुख दचकले.

"ते मामीचं आहे," वकीलसाहेबांनी खुलासा केला. "तिकडे बघायचं नसतं."

"अच्छा! मुलांचं लक्ष विचलित होतं का, ते तपासताहेत. हे आपल्या पद्धतीत नव्हतं. मोलाची भर आहे."

"सर!" मी ओरडले. "सर, मी अडकले आहे! कृपा करून दार उघडा!"

विभागप्रमुखांची पावले दाराच्या दिशेने आल्यासारखी वाटली. माझ्या जिवात जीव आला.

"फसू नका हो," सासूबाई म्हणाल्या. "काल मला असंच फसवलं तिने. पाण्यासाठी अशी रडली, अशी रडली, की माझा जीव गलबलला. आणि मग म्हणे नापास."

पावले परत गेली.

आता ऊन थेट बाल्कनीत आले होते. चादर वाळून कडक झाली होती. माझ्या घशाची अवस्था तिच्याहून फार निराळी नव्हती. मी विचार केला. (विचार करण्याचेच मला वेतन मिळते.) घरातील प्रत्येक माणूस माझ्याच आज्ञेने बहिरा झाला होता. या घरात आता फक्त एकाचेच ऐकले जात होते, ते म्हणजे हत्तीचे. आणि तो जागा झाला तरच पडद्यावर येणार होते, 'दारे उघडा, पडदे सारा, दिवे लावा!' हत्ती जागा कधी होणार? चौथा पूल पूर्ण झाल्यावर. पूल पूर्ण कधी होणार? माझ्या ठाम, लेखी आणि तोंडी मतानुसार, कधीही नाही.

माझे म्हणणे जितके खरे, तितका माझा मुक्काम लांबणार होता. आयुष्यात प्रथमच मी मनोभावे इच्छा केली, की माझे संशोधन चुकीचे निघावे.

आतून वकीलसाहेब म्हणत होत्या, "ही फळी मोठीये. मावतच नाही."

"हो."

"हत्तीला हलवूया?"

"हो."

"पण हात नाही लावायचा, असं लिहिलंय."

"हो."

"मग नको."

"हो."

सासूबाईंचा एक खोकला. त्यात उत्तर असेल, तर मला तरी कळले नाही. मग वकीलसाहेबांचे वाक्य आले: "आपण हा पूल उद्या करूया का?"

आणि तेव्हा मी, दोन सहायकांना घरी पाठवणारी मी, 'अरे वा'मधला सूचक स्वर ओळखणारी मी, तोंडाजवळ दोन्ही हातांचा कर्णा करून काचेला भिडले आणि जिवाच्या आकांताने ओरडले,

"हत्तीला फळीवर बसव! अगं, उचल त्या हत्तीला आणि फळीवर बसव!"

रस्त्यावर एक सायकल थांबली. खाली दवाखान्यातून डॉक्टरीणबाई आणि त्यांच्या पाठोपाठ तोंडात कापूस धरलेला एक मनुष्य बाहेर आला. दोघे वर पाहू लागले. मी त्यांना पाहून चादर सारखी केली.

आत कुजबुज झाली. खुर्ची सरकली. मग कडाड असा फळी मोडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हत्तीने अशी तुतारी फुंकली, की ती आजही माझ्या कानात आहे.

"दा-रे उ-घ-डा!" वकीलसाहेबांनी वाचले.

कडी निघाली. पडदा सरला. मी माझ्याच घरात पाऊल टाकले. केस विस्कटलेले, चेहरा लाल, खांद्यावर चादरीचा चिमटा. माझ्यासमोर विभागप्रमुख कौतुकाने हसत उभे होते, हत्तीवाले टाळ्या वाजवीत होते आणि स्वयंपाकघराच्या दारात यजमान उभे होते.

"पास ना?" त्यांनी विचारले.

मी पाणी मागितले. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "आज नाही फसायची," त्या म्हणाल्या.

"तर मॅडम," हत्तीवाले म्हणाले, "तो माफीचा मुद्दा..."

आता माझी कोंडी पाहा. मुलांनी माझे ओरडणे ऐकून हत्तीला उचलले असेल, तर पुलाविषयीचे माझे मत बरोबर, पण चाचणीत मदत करणारी एकमेव व्यक्ती मीच. ऐकले नसेल, तर माझी पद्धत शाबूत, पण मत चूक आणि माफी मागणे भाग. काही झाले तरी अडकणार मान माझीच. मी सत्य सांगून टाकायचे ठरवले, आणि आधी साक्षी काढल्या.

"सर, मी काही ओरडले होते. आपल्याला ऐकू आलं?"

"ऐकू आलं असेलही," विभागप्रमुख म्हणाले. "पण आपली सूचना होती. मी कटाक्षाने ऐकलं नाही."

"मी तर हत्तीकडे बघत होतो," हत्तीवाले म्हणाले. "म्हणजे, मी काही बोललो नाही हं. बोट तर मुळीच दाखवलं नाही." (बोटाविषयी मी विचारले नव्हते.)

"आई, तुम्ही?"

"मी डोळे मिटून होते. हत्ती झोपला होता ना! खोकला आला, तो उन्हाळ्याचा."

"अहो, तुम्ही?"

"मी फक्त मुलांना पाणी द्यायला आत आलो होतो," यजमान म्हणाले. "त्यांनी मला काही विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी म्हणणार होतो..."

"कळलं."

मग मी होयबासमोर गुडघ्यांवर बसले. "बाळा, हत्तीला उचलायचं तुम्हाला आपलं आपणच सुचलं?"

"हो."

"की कोणी सांगितलं?"

"हो."

"म्हणजे मामीचा आवाज ऐकू आला?"

"हो."

"की नाही आला?"

"हो."

मी सगळे सांगितले. हत्तीला फळीवर बसव, असे मीच ओरडले, हेही सांगितले. अखेर चाचणी अनिर्णित ठरली. माफी टळली; मात्र मी घरी पाठवलेल्या त्या दोन्ही सहायकांना दुसऱ्या दिवशी विभागात सन्मानाने परत बोलावण्यात आले. त्यांच्यापैकी एकाने मला दारातच पाहून 'अरे वा' म्हटले. स्वर सूचक होता.

एक शेवटचे काम उरले होते. चाचणी संपल्यावर आम्ही मुलांपुढे हसऱ्या, मख्ख आणि रडव्या चेहऱ्यांची चित्रे ठेवतो आणि खेळातील कोणती गोष्ट कशी वाटली, ते विचारतो. हत्ती? दोघांनी हसरा चेहरा उचलला. पूल? मख्ख. सर्वांत जास्त काय आवडले? वकीलसाहेबांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "काचेमागची मामी. ती काचेवर वाजवते, ओरडते, आणि आपण तिच्याकडे बघायचंच नाही. फार भारी आहे."

"हो," होयबा म्हणाला, आणि या वेळी तो मनापासून म्हणाला.

हत्तीवाल्यांनी ते कान टवकारून ऐकले. आता त्यांच्या संकेतस्थळाची नवी आवृत्ती आली आहे. चौथा पूल होता तसाच आहे. फक्त नदीकाठी एक घर आले आहे, घराला खिडकी आहे आणि खिडकीत विस्कटलेल्या केसांची, चष्मा लावलेली एक बाई सतत काच बडवीत असते. मूल फार अडले, तर तिच्यावर बोट ठेवायचे, म्हणजे ती उत्तर सांगते. मी ही आवृत्ती प्रयोगशाळेत, नव्या गिलाव्याखाली, पुष्कळ मुलांवर तपासली आहे. मुले पोट धरधरून हसतात. बाईवर अजून एकानेही बोट ठेवलेले नाही.

पण मुख्य प्रश्न तसाच राहिला आहे. परवा वकीलसाहेब राहायला आल्या होत्या. केसांना तेल लावून घेताना त्या खुशीत होत्या, तेव्हा मी सहज विचारल्यासारखे विचारले, "खरं सांग हं. त्या दिवशी मी काय ओरडले, ते तुला ऐकू आलं होतं का?"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. आणि पाहता पाहता तिच्या चेहऱ्यावरचे सर्व भाव मावळले.

"मामी," ती म्हणाली, "तुला काय वाटतं?"